जुन्या गाडीत नवा पार्ट: पाना कुठं लावायचा, हात कुठं आखडायचा

अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्यात आमच्या शेडला जुनी गाडी लागली की मालकाच्या पहिल्याच वाक्यावरून कळते, हे कोणत्या पंथाचे. एक जण म्हणतो, "मिस्त्री, कंपनीतून निघाली होती तशी करून द्या, एक स्क्रूही नवा नको." दुसरा म्हणतो, "एसी, पॉवर स्टेअरिंग, पाच गेअर सगळं टाका, फक्त बाहेरून जुनी दिसली पाह्यजे." पहिल्याची गाडी मे महिन्यात अंजनगावच्या अलीकडेच बंद पडते. दुसऱ्याची आरटीओच्या दारात अडकते.

माझी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली. निवृत्त झाल्यावर घरामागं शेड टाकलं आणि जुन्या गाड्या घ्यायला लागलो. येतात त्या ठरलेल्या: संत्रावाल्यांच्या अॅम्बॅसेडर, देशमुखांच्या वाड्यातल्या फियाट (कागदावर प्रीमियर पद्मिनी असली तरी आमच्याकडे ती फियाटच), आणि लाकडाच्या ठेकेदारांनी मेळघाटात पिदडलेल्या महिंद्राच्या जीप. या तिन्हींवर मी एकच नियम लावतो. जो बदल पान्यानं बसतो आणि पान्यानंच निघतो, तो बेलाशक करा. ज्याला कटर, वेल्डिंग किंवा ड्रिल लागते, तिथं थांबा. या नियमाला मी दोनच अपवाद करतो, ते पुढं सांगतो.

त्याआधी गाडी कशासाठी ठेवायची, हे घरात बसून ठरवा. गाडी ५० वर्षांवरची असेल, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी जुळत असतील आणि पत्रा मूळचा असेल, तर तिला रबर, तेल आणि वायरिंग सोडून काही नवं देऊ नका. का ते कागदांच्या भागात येईल. गाडी बाजारहाटाला, लग्नाला, अमरावतीला न्यायची असेल तर खालचं सगळं तुमच्यासाठी आहे. आणि नुसतं "बाबाची आठवण" म्हणून ठेवायची असेल तर पैसे छपरावर घाला, गाडीवर नाही. गळक्या टिनाखाली ठेवलेल्या गाडीला कोणताच मिस्त्री वाचवू शकत नाही.

आधी वही, मग पाना

आपल्याकडं जुनी गाडी उभी असते ती गोदामात, आणि गोदामात खताची पोती असतातच. युरिया, डीएपी हवेतली ओल ओढून घेतात आणि लोखंड खातात. पोती ज्या बाजूला रचलेली होती, त्या बाजूचा दरवाजा आणि खालची पट्टी आधी ठोकून पाहा. आमची हवा कोरडी, त्यामुळं मुंबई-कोकणच्या मानानं पत्रा चांगला टिकतो. पण मडगार्डच्या आत काळ्या मातीचा थर बसलेला असतो आणि तो पावसाळाभर ओल धरून ठेवतो. पाइप लावून तो थर आधी धुऊन काढा, मग पत्र्याबद्दल बोला.

तूर-सोयाबीनच्या गोदामातली गाडी असेल तर उंदरानं वायरिंग खाल्लेली आहे असं धरूनच चाला. अशा गाडीला बॅटरी डायरेक्ट जोडू नका. बॅटरीचं टर्मिनल आणि गाडीची केबल यांच्यामध्ये ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब लावा. सगळे स्विच बंद आणि तरी बल्ब भक्क पेटला, म्हणजे कुठंतरी उघडी तार बॉडीला टेकली. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला बल्ब विझतो, त्या लाइनमध्ये दोष. बल्ब नसता तर वायरिंगनं पेट घेतला असता, एवढाच फरक.

इंजिन वर्षानुवर्षं फिरलेलं नसेल तर सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी हँडलनं हळू फिरवा. फिरलं तर पुढं जा, नाही फिरलं तर जोर करू नका, हेड खोला.

आणि वही करा. एसटीत प्रत्येक गाडीला जॉब कार्ड असायचं, ती सवय मला अजून आहे. काढलेला प्रत्येक पार्ट, कुठून काढला, त्याच्या जागी काय बसवलं, कोणत्या तारखेला, हे लिहायचं. मोबाइलवर फोटो काढायचे ते पार्ट काढण्याआधी; काढल्यावरच्या फोटोचा काही उपयोग नसतो. मूळ पार्टला पुठ्ठ्याची चिठ्ठी तारेनं बांधा, ग्रीस फासा, प्लास्टिकच्या पोत्यात घालून ठेवा. भंगारवाला दारात आला तरी ते पोतं द्यायचं नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

पेट्रोल: इथं मूळ ठेवण्याचा हट्ट चालत नाही

आता पंपावर मिळते ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. १९७० च्या रबराला ते सोसत नाही. जुन्या पाइपचं रबर फुगते, मऊ पडते, त्याचा काळा भुगा कार्बोरेटरच्या वाटीत जमतो आणि जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, चोक होतो. मालक म्हणतो कार्बोरेटर खराब आहे. कार्बोरेटर चांगला असतो, कचरा पाइपमधून येत असतो.

म्हणून पहिलं काम हे: टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा बदला. दुकानात "पेट्रोल पाइप" म्हटलं की साधा काळा पाइप हातात देतात. तो नको. इथेनॉलला चालणारा, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना लागतो तो पाइप मागा. त्याच्यावर आर-९ असं छापलेलं असते. मग इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरची गॅसकेटं आणि फ्लोटची सुई. सुईचं टोक व्हिटॉनचं (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं) मिळते, ते घ्या. यातलं काहीच बाहेरून दिसत नाही आणि सगळं पान्यानं निघते.

टाकीचं मात्र सावकाश करा. इथेनॉल पाणी ओढते. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात आणि तिथूनच टाकी गंजते. टाकी उतरवून पूर्ण रिकामी करा, बॅटरीच्या टॉर्चनं आत पाहा. हलका गंज असेल तर बारीक गिट्टी घालून हलवून धुवा आणि उन्हात कडक वाळवा. पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग लावू देऊ नका, भले वेल्डर म्हणो की पाणी भरून करतो. भोक पडलं असेल तर टाकी दुसरी शोधा. पाइपमध्ये एक पारदर्शक फिल्टर लावा. मूळ गाडीत तो नव्हता, पण आत काय येऊन राहिलं ते डोळ्यानं दिसते.

आता जेट. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ताकद असते, आणि जळायला हवाही कमी लागते. म्हणजे जुन्या जेटवर गाडी हवेला जास्त आणि पेट्रोलला कमी चालते: चढावर दम टाकते, अॅक्सिलरेटर दाबला की खोकते, इंजिन जास्त तापते. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवर नंबर असतो, तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागात भोकाचं माप सांगतो. ११५ चा असेल तर १२० चा लावून पाहा. दहा-पंधरा किलोमीटर रोडवर चालवा आणि प्लग काढून बघा. प्लगचं चिनीमातीचं टोक फिकट तपकिरी पाहिजे. पांढरं फटक दिसलं तर अजून कमी पडते, काळं काजळीचं दिसलं तर जास्त झालं. जुना जेट सुईनं मोठा करू नका. जेट बदलायचा असतो, कोरायचा नसतो, आणि जुना जेट चिठ्ठी बांधून पोत्यात.

इथंच माझा पहिला अपवाद. शिशाचं पेट्रोल देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. ते शिसं जुन्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीटला जपायचं. अॅम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं हेड बिडाचं आहे. टॅपेटची फट बसवली की थोड्याच दिवसांत ती पुन्हा कमी होऊन जाते, असं वारंवार होत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत चालले. अशा वेळी हेड खोलून कडक पोलादाच्या सीट बसवून घ्या. काम मशीनवरचं आहे, परत फिरत नाही, पण न केलं तर हेडच जाईल. टॅपेटची फट बदलत नसेल तर मात्र उगीच हेड खोलू नका.

मे महिन्याचं ऊन

या गाड्या बनल्या तेव्हा विदर्भाचा उन्हाळा काही थंड नव्हता, तरी त्या चालायच्या. आज तापतात त्याचं कारण बहुतेक वेळा गाडीत नसून पाण्यात असते. दर्यापूर, अंजनगाव, अकोट हा सगळा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारट. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं की आत क्षार बसतो, नळ्या बुजतात. पितळी रेडिएटर वरून कितीही चमकवा, आतून तो अर्धा मेलेला असतो. जुनी पितळी टाकी कायम ठेवून आतली कोअर (नळ्यांची जाळी) नवी बसवून देणारे कारागीर अमरावती-नागपुरात आहेत. तेच करा. अॅल्युमिनियमचा चकचकीत रेडिएटर स्वस्त पडते, पण बोनेट उघडलं की लगेच डोळ्यात भरते. पाणी डिस्टिल्ड आणि त्यात कूलंट. प्रवासात घट आली तर बाटलीतलं पाणी घाला, शेतातल्या पाइपचं नको.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेकण्याची आपल्याकडं जुनी खोड आहे. "गरम होते, काढून टाक." थर्मोस्टॅट नसला तर इंजिन डिसेंबरात तापतच नाही, ऑइल पातळ होत नाही, पेट्रोल जास्त पिते, रिंगा झिजतात. तो परत बसवा. बसवण्याआधी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडून पाहा, उघडतो की नाही ते समोरच दिसते.

ऊन वाढलं की दुसरा रोग: गाडी चांगली चालत होती, चहाला थांबली, आणि आता चालूच होत नाही. पेट्रोलची पाइपमध्ये वाफ झाली. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवायचे, ते आजही लागू पडते. कायमचा इलाज म्हणजे टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप. दाब दोन-तीन पीएसआयच्या वर नको, नाहीतर फ्लोटची सुई उचलून पेट्रोल वाहायला लागते. हा पंप चेसिसवर आधीच असलेल्या बोल्टला पट्टी लावून बसतो, नवीन भोक लागत नाही. मूळ पंप जागेवरच राहू द्या. इलेक्ट्रिक पंपाची वायर ऑइल प्रेशरच्या स्विचवरून न्या, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद. गाडी उलटली तर तो पेट्रोल ओतत बसणार नाही. कार्बोरेटरच्या खाली बॅकेलाइटचा जाड तुकडाही लावता येतो, मॅनिफोल्डची उष्णता वर कमी चढते.

इलेक्ट्रिक फॅन लावायचा असेल तर आधी पुढचा भाग वाचा. तो फॅन दहा-पंधरा अँपिअर खातो आणि तुमचा डायनमो (इंजिनावर फिरून करंट देणारा) तेवढं देत नाही.

करंट आणि लाइट

रात्री परतवाडा ते अकोट रोडवर गाडी चालवून पाहा. बिनारिफ्लेक्टरची बैलगाडी, मध्येच उडी मारणारा रोही (नीलगाय), रानडुकरांची रांग. आणि जुन्या फियाटचा लाइट एखाद्या कंदिलासारखा पिवळा. इथं मूळ लाइट जपण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

लाइट मंद असतो त्याचा दोष बल्बवर येतो, चोर मात्र वायर असते. मल्टिमीटर घ्या. इंजिन थोडं जोरात ठेवून बॅटरीवर व्होल्ट मोजा, मग हेडलाइटच्या होल्डरवर मोजा. बॅटरीवर साडेतेरा आणि बल्बवर अकरा दिसलं, तर मधले अडीच व्होल्ट जुन्या स्विचमध्ये आणि सुकलेल्या वायरमध्ये गेले. कंपनीनं सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरवून आणला होता. तो स्विच आता गरम होते, कधी कधी वितळतेही.

उपाय दोन रिलेचा. रिले म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट जोडणारा स्विच. रिलेवर चार पाय असतात: ३०, ८७, ८५, ८६. गाडीची जुनी डिपर-अप्परची वायर हेडलाइटच्या होल्डरमधून काढा आणि ८५ ला द्या, ८६ बॉडीला. बॅटरीच्या प्लसवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, तिला बॅटरीजवळच १५-२० अँपिअरचा फ्यूज, मग ३० ला. ८७ वरून नवी वायर थेट बल्बला. एक रिले अप्परला, एक डिपरला. बल्बचा अर्थही नव्या वायरनं थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या, कारण गंजलेली बॉडी अर्थ देत नाही. रिले बोनेटखाली जिथं आधीच स्क्रू आहे तिथं कसा. आता जुन्या स्विचला फक्त रिले ओढायचं काम उरलं, तो अजून कैक वर्षं जाईल. नको वाटलं तर चार टोकं काढा, गाडी होती तशी.

मग सात इंची गोल काचेचा, एच-फोर बल्बचा रिफ्लेक्टर लावा, ६०/५५ वॅटचा. जुनी काच पोत्यात. एलईडीचे झगझगीत बल्ब जुन्या रिफ्लेक्टरमध्ये घालू नका. समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुमच्या रस्त्यावर मात्र उजेड विखुरलेला पडते.

दोन हेडलाइट मिळून १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर. त्यात इग्निशन, मागचे लाइट, वायपर, हॉर्न. जुना लुकासचा डायनमो भरात असताना २२ अँपिअरच्या आसपास देतो आणि आयडलवर जवळजवळ काहीच नाही. त्यामुळं मारुती ८०० चा अल्टरनेटर बसवायची पद्धत पडली आहे, आणि ती चांगली आहे. फक्त ब्रॅकेट लेथवर असं बनवून घ्या की ते डायनमोच्याच बोल्टवर बसेल. ब्लॉकला भोक पाडायचं नाही. पट्टा सरळ रेषेत आहे का ते स्टीलची पट्टी लावून पाहा.

जुन्या अॅम्बॅसेडरला बॅटरीचा प्लस बॉडीला असू शकतो. तशा गाडीला अल्टरनेटर नुसता जोडला की त्याचे डायोड क्षणात जातात. आधी गाडी मायनस बॉडीला करून घ्या: बॅटरी फिरवा, कॉइलच्या दोन वायरी आपसात बदला, अँपिअर मीटरच्याही बदला. आणि ते मीटर ३० अँपिअरचं असेल तर अल्टरनेटरची मुख्य वायर त्याच्यातून नेऊ नका. बॅटरीच्या केबलवर "मायनस बॉडी" असं ठळक लिहून ठेवा, पुढच्या वायरमनला कळलं पाहिजे.

पॉइंट (प्लगला ठिणगी मिळावी म्हणून उघडझाप करणारा) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन? बसते डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटरच्या) टोपीखाली, दिसत नाही, गाडी छान चालते. पण सेमाडोहच्या जंगलात ते गेलं तर गेलं. पॉइंट गेला तर काडेपेटीच्या पुठ्ठ्याच्या जाडीएवढी फट अंदाजून, नखाच्या कानशीनं घासून घरी येता येते. इलेक्ट्रॉनिक लावा, पण जुनी पॉइंट-कंडेन्सरची प्लेट डिकीत डब्यात ठेवा आणि ती बसवायची एकदा घरी शिकून घ्या.

ब्रेक

चिखलदऱ्याच्या घाटातून उतरताना चारी ड्रम तापले की पेडल दगडासारखं कडक लागते आणि गाडी थांबत नाही. तरीही मी लगेच डिस्क लावा म्हणत नाही. ड्रम मूळ मापात, लायनिंग चांगलं, अॅडजस्टमेंट नीट, व्हील सिलिंडर कोरडे आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललेलं असेल तर या वजनाच्या गाडीला ड्रम पुरतात. ब्रेक ऑइलही पाणी ओढते. पाणी मुरलेलं ऑइल घाटात उकळते. आणि घाट ज्या गेअरमध्ये चढला त्याच गेअरमध्ये उतरा. हे सांगायला मिस्त्री लागू नये, पण लागतो.

माझा जोर मास्टर सिलिंडरवर आहे. जुन्या गाड्यांना एकच लाइन: एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवा, पुढच्या चाकांची लाइन वेगळी, मागच्यांची वेगळी. जीपला आणि अॅम्बॅसेडरला नंतरच्या मॉडेलचं दुहेरी सिलिंडर बसवता येते. तांब्याच्या पाइपऐवजी निकेल-कॉपर किंवा स्टीलचा ब्रेक पाइप घ्या.

डिस्क लावायचीच असेल तर अॅम्बॅसेडरवाल्यांना सोपं: इसुझुच्या १.८ इंजिनवाल्या नंतरच्या अॅम्बॅसेडरला पुढं डिस्क यायचे, त्या गाडीचा सेट मिळाला तर घराण्यातलाच. पण ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक व्हॉल्व्ह असतो, जो लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवतो. तोच सिलिंडर डिस्कला जोडला तर पॅड सुटतच नाहीत आणि चाक गरम होते. तो व्हॉल्व्ह काढला की नाही हे मिस्त्रीला विचारा. उत्तर द्यायला तो चाचरला तर दुसरा मिस्त्री पाहा.

टायरचं थोडक्यात. रेडियल लावा, गाडी रस्ता धरते. चारही एकदम लावा. एका अॅक्सलवर एक साधा आणि एक रेडियल असं करू नका. जुन्या रिमला ट्यूब लागतेच, टायरवर ट्यूबलेस लिहिलं असलं तरी. आणि मोठ्या अलॉय चाकांच्या नादी लागू नका, मडगार्ड घासते आणि बेअरिंगवर भार येतो.

दुसरा अपवाद सीटबेल्टचा. जुन्या फियाट-अॅम्बॅसेडरमध्ये बेल्टला जागाच नाही. नुसत्या पत्र्याला वॉशर लावून बोल्ट ठोकला तर धक्क्यात पत्रा फाटून बेल्ट हातात येते. आतून जाड पट्टी वेल्ड करून, तिच्यात नट बसवून, मग बेल्ट. इथं मी स्वतः वेल्डिंग लावतो. मागं नातवंडं बसणार असतील तर मागच्या सीटलाही.

इंजिन बदलायचं म्हणता?

दर्यापूरकडचा एक पोरगा आला. "मिस्त्रीभाऊ, पेट्रोल पुरत नाही बावा. आपल्याजोळ मेटाडोरचं इंजन पडलं हाय, टाकून द्या नं अॅम्बॅसेडरमंदी." मी म्हटलं, "टाकीन. मंग पासिंगले तू जाशीन का मी?" तो हसला आणि दुसऱ्या गॅरेजात गेला. तिथं त्यांनी पुढचा पत्रा कापून ते बसवलं. डिझेल इंजिन वजनानं भारी. पुढचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे दांडे) खाली बसले, स्टेअरिंग जड झालं आणि डॅशबोर्डमधला प्रत्येक स्क्रू थरथरून ढिला. आता ती गाडी ना विकली जाते, ना परत पेट्रोलवर येते, कारण कापलेली जागा भरून काढायला नवीन बॉडी लागेल.

अॅम्बॅसेडर आणि फियाट या दोन्ही गाड्यांना जीपसारखी वेगळी फ्रेम नाही. पत्राच त्यांचा सांगाडा आहे. म्हणून हॅन्ड गेअरचा (स्टेअरिंगजवळच्या दांड्याचा) फ्लोअर गेअर करायला जमीन कापणं, सनरूफसाठी टप (छप्पर) कापणं, हे सजावटीचं काम नसते, गाडी कमजोर होते. हॅन्ड गेअर अडकतो म्हणून लोक कंटाळतात. खालचे बुश आणि लिंकेज बदला, लोण्यासारखा नाही पण बरा पडतो.

एसीचं म्हणाल तर फियाटच्या १०८९ सीसी इंजिनात चाळीसेक हॉर्सपॉवर, त्यातले तीन-चार कॉम्प्रेसर घेऊन जाते. चढावर एसी बंद करावा लागेल, रेडिएटर आणि अल्टरनेटर दोन्ही आधी सुधारावे लागतील. डॅशखाली टांगायचं युनिट बसते, निघते, हरकत नाही. मी स्वतः लावणार नाही. काचा खाली आणि गळ्यात ओला दुपट्टा एवढंच माझं चालते.

कागद

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. बेकायदा बदलाला कलम १८२-ए प्रमाणं प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंधन बदलणं, बॉडी बदलणं, सीटा वाढवणं हे सगळं यात येते. इंजिन खरंच फुटलं आणि त्याच जातीचं, त्याच इंधनाचं दुसरं बसवायचं असेल तर आधी आरटीओकडून परवानगी, मग बसवणं, मग आरसीवर नवा नंबर. उलट्या क्रमानं गेलात तर चकरा माराल.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटारीची ही फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली आणि २० वर्षांवरच्या गाडीला २०२५ मध्ये १०,००० केली. पर्यावरण कर वेगळा. पासिंगला जाण्याआधी चेसिस नंबरवरचा रंग थिनरनं साफ करा. पेंटरनं त्याच्यावर पुट्टी भरलेली असते आणि नंबर वाचता आला नाही की गाडी परत.

आता ती ५० वर्षांची गोष्ट. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणं पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल नसावा. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,०००. नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येते. अशी गाडी रोज बाजाराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. म्हणून पन्नाशीजवळ आलेल्या गाडीत काही बसवण्याआधी विचार करा. इंजिन बदललं किंवा पत्रा कापला की हा दरवाजा बंद. मी वर सांगितलेली रिले, पाइप, अल्टरनेटर ही कामं मात्र तपासणीच्या आधी एका दिवसात उतरवून मूळ पार्ट लावता येतात, चिठ्ठ्या बांधलेल्या असतील तर.

पार्ट

नवं काय बसवायचं हे ठरलं की उरलेलं मूळ शोधत राहा. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सीत पद्मिनी राहिली नाही आणि कुर्ल्याच्या भंगारात तिचा माल भरपूर आला. तो काही जन्मभर पुरणार नाही. अॅम्बॅसेडर उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत होती, तिचा माल अजून मिळतो, कोलकात्याचा मलिक बाजार आणि दिल्लीचं काश्मिरी गेट ही ठिकाणं. कोइम्बतूरलाही चांगला माल आहे. जीपचं आपल्या भागातच मिळून जाते. इंजिनाचे पार्ट कुणीतरी बनवते. मिळत नाहीत ते दाराचे हँडल, मागच्या लाइटची काच, हॉर्नची रिंग, मीटरची काच, खिडकीचं रबरी चॅनेल. हे दिसलं की घ्या, गरज नसली तरी.

खरेदीला जाताना मूळ पार्ट सोबत न्या, नुसता फोटो नको. व्हर्नियर (माप घ्यायचं) खिशात ठेवा आणि दुकानातच माप मिळवा. "बसते ना भाऊ, सगळ्या गाडीत बसते" असं दुकानदार म्हणाला की व्हील सिलिंडर आणि क्लच प्लेट हमखास मापून घ्या, आणि पक्कं बिल मागा.